फुकटची सीडी: एका चकतीने इंटरनेट कसं विकलं



इतिहास म्हटलं की आपण किल्ले, तह, बखरी यांच्याकडे वळतो. आजची वस्तू त्या मानाने अगदी कालची आहे. तुमच्या माळ्यावरच्या एखाद्या खोक्यात ती असेल, नाहीतर गावाकडे द्राक्षबागेत पाखरं हाकलायला दोरीला टांगलेली असेल. सीडी. बारा सेंटीमीटरची, इंद्रधनुष्यासारखी चमकणारी चकती.

ही गोष्ट सांगायचं कारण एक विचित्र योगायोग. नव्वदच्या दशकात इंटरनेटची सगळ्यात मोठी जाहिरात झाली ती या चकतीवरून. आणि पुढे ज्याची जाहिरात केली, त्यानेच चकतीचा धंदा बसवला. दोन्ही गोष्टी नीट समजायच्या असतील तर सीडी बनते कशी, ते आधी बघावं लागतं. म्हणून आज थोडा इतिहास आणि थोडा कारखाना, असं करूया.

टपालातून आलेलं इंटरनेट

अमेरिकेत १९८५ मध्ये क्वांटम कॉम्प्युटर सर्व्हिसेस नावाची कंपनी सुरू झाली. १९९१ मध्ये तिचं नाव झालं अमेरिका ऑनलाइन, म्हणजे एओएल. घरच्या फोनच्या तारेतून कॉम्प्युटर जोडायचा, आणि मग बातम्या, लेख, पत्रव्यवहार, गप्पा हे सगळं पडद्यावर मिळायचं. माल चांगला होता. अडचण एकच होती: तो गिऱ्हाइकाला दाखवायचा कसा? ज्याने ऑनलाइन जाणं म्हणजे काय हे कधी पाहिलेलंच नाही, त्याला वर्तमानपत्रात जाहिरात देऊन काय समजणार?

१९९३ मध्ये जॅन ब्रँट या बाई एओएलच्या मार्केटिंगमध्ये आल्या. त्यांचा विचार साधा होता. वर्णन करत बसू नका, वस्तूच हातात द्या. म्हणजे सॉफ्टवेअर भरलेली फ्लॉपी लोकांच्या घरी पोस्टाने पाठवायची, सोबत काही तास मोफत. पत्रपेटीत आलं, मशीनमध्ये घातलं, झालात सभासद. आपल्याकडे नव्या साबणाची छोटी वडी पेपरासोबत यायची ना, तसंच.

सुरुवात फ्लॉपीने झाली आणि काही वर्षांत फ्लॉपीची जागा सीडीने घेतली. त्यानंतर या चकत्या कुठे सापडत नव्हत्या ते विचारा. मासिकांच्या आत, नाश्त्याच्या धान्याच्या डब्यात, व्हिडिओ लायब्ररीच्या काउंटरवर, खेळाच्या मैदानातल्या खुर्च्यांवर. ब्रँट यांनी नंतर सांगितलं की या मोहिमेवर ३० कोटी डॉलरहून जास्त खर्च झाला, आणि एक काळ असा होता की जगात बनणाऱ्या सीडींपैकी निम्म्यांवर एओएलचं चिन्ह होतं. हा दावा त्यांचा. आकडा थोडा इकडेतिकडे धरला तरी आवाका लक्षात येतो.

आणि मोहीम चालली! १९९३ मध्ये दोन लाखांच्या आत असलेले सभासद २००२ च्या सुमारास अडीच कोटींच्या वर गेले.

फ्लॉपी आणि सीडी यांत फरक काय

आता इथे थांबूया, कारण हे सगळं शक्य झालं ते कारखान्यामुळे.

फ्लॉपीवर माहिती चुंबकीय स्वरूपात लिहिली जाते. दहा लाख फ्लॉप्या हव्या असतील तर प्रत्येक फ्लॉपी यंत्रात घालून तिच्यावर सगळी माहिती पहिल्यापासून शेवटपर्यंत लिहावी लागते. एखाद्या कारकुनाने तेच पत्र दहा लाख वेळा हाताने उतरवावं तसं. आणि एवढं करून मावणार किती? १.४४ मेगाबाइट.

कारखान्यातली सीडी लिहिली जात नाही. ती ओतली जाते. साच्यात प्लास्टिक गेलं, दाबलं, थंड झालं की साडेसहाशे मेगाबाइट एका दमात उमटले. आधुनिक यंत्राला यासाठी जेमतेम चार सेकंद लागतात. हस्तलिखित आणि छापखाना यांत जो फरक, तोच इथे.

छापखान्याचं अर्थशास्त्रही तसंच लागू पडतं. पहिली प्रत भयंकर महाग, पुढची प्रत्येक जवळजवळ फुकट. जाहिरातदाराला आणखी काय हवं?

काचेपासून साच्यापर्यंत

तर पहिली प्रत महाग का, ते बघू.

सुरुवात होते काचेपासून. साधारण २४० मिलिमीटर व्यासाची, आरशासारखी घासलेली जाड काच. ती इतकी स्वच्छ करतात की धुळीचा कणही चालत नाही. काम करणारी माणसं डोक्यापासून पायापर्यंत झाकलेली, खोलीतली हवा सतत गाळलेली. या काचेवर प्रकाशाला संवेदनशील अशा रसायनाचा थर देतात. काच गरगर फिरवून तो सगळीकडे सारखा पसरवतात. थराची जाडी मिलिमीटरच्या दहा हजाराव्या भागाच्या आसपास, आणि ती काटेकोर ठेवावी लागते, कारण पुढे खड्ड्यांची खोली त्यावरच ठरते.

मग लेसरचा किरण त्या थरावर चालू-बंद होत फिरतो. जिथे प्रकाश पडला तिथलं रसायन पुढच्या धुण्यात निघून जातं आणि बारीक खड्डे उरतात. खड्ड्यांची ही ओळ आतून बाहेर जाणाऱ्या एका सलग सर्पिल रेषेत असते. ग्रामोफोनची तबकडी बाहेरून आत वाजते, सीडी आतून बाहेर. दोन वेढ्यांमधलं अंतर १.६ मायक्रॉन, म्हणजे माणसाच्या केसाच्या जाडीत पन्नासेक वेढे बसतील. ही रेषा उलगडून सरळ केली तर पाच किलोमीटरच्या वर जाते. दादर ते वांद्रे लोकलने जेवढं अंतर, त्याहून थोडं जास्तच. हे सगळं तळहाताएवढ्या चकतीत!

काचेवरचा हा थर फार नाजूक. त्याच्यावर थेट प्लास्टिक ओतता येत नाही. म्हणून त्यावर धातूचा पातळ थर चढवतात आणि मग विजेच्या साहाय्याने निकेलचा जाड पत्रा वाढवतात. मुलाम्याच्या दुकानात चालतं तेच तत्त्व. तो पत्रा सोलून काढला की काचेची उलटी प्रत मिळते. कारखान्यात तिला ‘फादर’ म्हणतात. फादरवरून सुलट प्रत, ती ‘मदर’. आणि मदरवरून पुन्हा उलट्या प्रती, त्या ‘स्टँपर’. साचा म्हणून यंत्रात बसतो तो हा स्टँपर.

एवढी वंशावळ कशासाठी, असं वाटेल. पेणच्या गणपतीच्या कारखान्यात जाऊन आलेल्यांना हे चटकन कळेल. मूर्तिकार एकच मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून साचा घेतो आणि साच्यातून शेकडो मूर्ती निघतात. साचा झिजतो, फुटतो. मूळ मूर्ती जपून ठेवली असेल तर नवा साचा काढता येतो. इथेही तसंच. स्टँपर हजारो चकत्या काढून झिजतो, तेव्हा मदरवरून दुसरा काढायचा. पुन्हा काचेपर्यंत जावं लागत नाही.

चार सेकंदांचं काम

आता चकती. तिचं प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. जर्मनीतल्या बायर कंपनीत हेरमान श्नेल यांनी १९५३ मध्ये ते तयार केलं. काचेसारखं पारदर्शक, पण सहजी न फुटणारं. कारखान्यात ते साबुदाण्यासारख्या दाण्यांच्या रूपात येतं. हे दाणे आधी गरम हवेत कोरडे करतात, कारण थोडी जरी ओल राहिली तरी चकतीत बुडबुडे धरतात. मग तीनशे अंशांच्या वर वितळवून प्रचंड दाबाने साच्यात सोडायचं. साचा तुलनेने गार असतो, त्यामुळे प्लास्टिक लगेच थिजतं. मधलं भोक पडतं आणि यंत्राचा हात चकती उचलतो.

या टप्प्यावर चकती अगदी पारदर्शक असते. माहिती तिच्यात आहे, पण लेसरला दिसत नाही, कारण प्रकाश आरपार निघून जातो. म्हणून निर्वात कप्प्यात तिच्या खड्ड्यांच्या बाजूवर ॲल्युमिनियमचा थर देतात, पन्नास ते शंभर नॅनोमीटर जाडीचा. आरसा झाला तयार. त्यावर संरक्षणासाठी लाखेसारखा पातळ थर, तो अतिनील प्रकाशाखाली क्षणात वाळतो, आणि सगळ्यात वर छपाई.

इथे एक गोष्ट सांगतो, जी अनेकांना उलटी वाटते. आपण सीडी कायम चमकणाऱ्या बाजूने जपतो. छापील बाजू खाली ठेवली तरी चालतं असं समजतो. खरं तर चमकणाऱ्या बाजूला १.२ मिलिमीटर प्लास्टिकचं कवच आहे. माहितीचा थर आहे तो छापील बाजूला, त्या लाखेच्या पापुद्र्याखाली! खालचा ओरखडा बऱ्याचदा पॉलिश करून काढता येतो. वरून टोकदार काही घासलं, तर ॲल्युमिनियमच निघून येतं आणि त्याच्यासोबत माहितीही.

लाखेचा थर किती महत्त्वाचा, याचा धडा इंग्लंडमध्ये मिळाला. ब्लॅकबर्न गावातल्या फिलिप्स-ड्यूपाँट ऑप्टिकलच्या कारखान्यात १९८८ ते १९९३ च्या दरम्यान बनलेल्या कित्येक सीडी पुढे तपकिरी पडू लागल्या. त्यांत परावर्तनासाठी चांदी वापरली होती, आणि वेष्टनाच्या कागदातलं गंधक लाखेतून आत शिरून चांदीला काळवंडत होतं. घरातली चांदीची भांडी काळी पडतात, तसंच.

बारा सेंटीमीटरच का?

थोडं मागे जाऊ. फिलिप्सने ८ मार्च १९७९ रोजी नेदरलँड्समधल्या आइंडहोवन इथे सीडीचा नमुना पत्रकारांना दाखवला. मग सोनीसोबत काम सुरू झालं आणि १९८० मध्ये दोघांचं मानक ठरलं. फिलिप्सला ११.५ सेंटीमीटरची चकती हवी होती, ठरली १२ ची. बेथोव्हेनची नववी सिंफनी एका चकतीत मावावी म्हणून आकार वाढवला, ही कथा तुम्ही ऐकली असेल. गोष्ट छान आहे. पण त्या कामात स्वतः असलेले फिलिप्सचे अभियंते केस इमिंक यांनी नंतर वेगळंच लिहिलं. फिलिप्सच्याच कुटुंबातल्या पॉलिग्रामकडे जर्मनीत ११.५ सेंटीमीटरच्या चकत्या काढण्याची तयारी झाली होती, सोनीकडे तसा कारखाना नव्हता. आकार बदलला की फिलिप्सची आघाडी संपली! सिंफनीपेक्षा हे कारण मला जास्त पटतं. इतिहासात सुंदर कथेच्या मागे बऱ्याचदा हिशेबाची वही असते.

१७ ऑगस्ट १९८२ रोजी हानोव्हरजवळच्या लांगेनहागेन इथल्या पॉलिग्रामच्या कारखान्यात ॲबा या स्वीडिश गटाच्या ‘द व्हिजिटर्स’ या अल्बमच्या सीडी निघाल्या. १ ऑक्टोबर १९८२ ला जपानमध्ये सोनीचा पहिला प्लेअर बाजारात आला. किंमत १ लाख ६८ हजार येन. अशी ही श्रीमंतांची वस्तू. आणि पुढच्या पंधरा वर्षांत ती धान्याच्या डब्यात फुकट मिळू लागली.

आपल्याकडे

आपल्याकडे सर्वसामान्यांसाठी इंटरनेट आलं १५ ऑगस्ट १९९५ ला, विदेश संचार निगमकडून. पण त्यातून काही उतरवून घेणं म्हणजे परीक्षाच. गणित करून बघा. ५६ केबीपीएसचा मोडेम, तोही पूर्ण वेगाने चालला असं समजू. एक भरलेली सीडी उतरवायला न थांबता पंचवीस-सव्वीस तास. वर फोनचं बिल, आणि मध्येच आत्याचा फोन आला की सगळं पहिल्यापासून.

म्हणून आपल्याकडे कॉम्प्युटरची मासिकं सीडी देऊ लागली. पीसीक्वेस्टने लिनक्सच्या सीडी दिल्या, चिप आणि मग डिजिटने दर महिन्याला सॉफ्टवेअरचा खजिना दिला. माझ्या पिढीतल्या कित्येकांनी मासिक घेतलं ते सीडीसाठी. एक सीडी विकत घ्यायची आणि दहा घरं फिरवायची. अमेरिकेत सीडी इंटरनेटचं निमंत्रण होती, आपल्याकडे बरीच वर्षं ती इंटरनेटच्या ऐवजी होती.

मग आली कोरी सीडी. जपानच्या ताइयो युदेन कंपनीने १९८८ मध्ये हे तंत्र आणलं. तिच्यात खड्डे नसतात. साच्यातून फक्त रिकामी सर्पिल खाच येते, आणि ॲल्युमिनियमऐवजी चांदी किंवा सोन्याच्या थराखाली एक रंगद्रव्य असतं. आपल्या कॉम्प्युटरचा लेसर त्या रंगाला ठिकठिकाणी तापवतो, तिथला रंग बदलतो, आणि वाचताना तो डाग खड्ड्यासारखा दिसतो. यातला जागतिक पातळीवरचा मोठा खेळाडू भारतीय होता: दिल्लीजवळ नोएडात कारखाने असलेली मोझर बेअर. याच कंपनीने पुढे सिनेमांच्या व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना विकून बाजार हलवून सोडला होता. २०१८ मध्ये ती दिवाळखोरीत निघाली. तोवर सिनेमा तारेतून येऊ लागला होता.

कचरा आणि ठेवा

एओएलच्या सीडींचं पुढे काय झालं? फ्लॉपीच्या काळात लोक खूश असायचे. भोकावर चिकटपट्टी लावली की ती पुसून आपल्या कामाला वापरता यायची. सीडी पुसता येत नाही. जी भेट होती तिचा कचरा झाला. एक सीडी साधारण १६ ग्रॅमची. एक कोटी सीडी म्हणजे १६० टन प्लास्टिक, आणि तेही धातू, लाख आणि शाई चिकटलेलं, सहजी वेगळं न होणारं. कॅलिफोर्नियात काही लोकांनी २००१ मध्ये या सीडी गोळा करायची मोहीमच काढली. दहा लाख जमवून एओएलच्या दारात नेऊन ओतायच्या, असा बेत होता. चार लाखांच्या वर जमल्या. २००६ मध्ये एओएलने सीडी वाटणं थांबवलं, आणि ३० सप्टेंबर २०२५ ला त्यांची डायल-अप सेवाही कायमची बंद झाली.

म्हणजे बघा, कुणाच्या अडगळीत ती चकती आजही असेल. नीट ठेवली असेल तर ती फिरेल, एकेक खड्डा जसाच्या तसा वाचला जाईल, सॉफ्टवेअर चालू होईल आणि फोन लावेल. पलीकडे उचलायला कुणी नाही.

आणि आता तुमच्याआमच्या घराकडे येऊ. ज्या सीडीची कुणालाच गरज नव्हती ती साच्यातली, धातूची, टिकाऊ. आपल्याला ज्या खरोखर हव्यात त्या कुठल्या आहेत? २००० नंतरच्या दहा-बारा वर्षांतली लग्नं, बारशी, साठीशांत, आजोबांच्या आवाजातलं भजन, गावच्या नाटकाचं चित्रीकरण. फोटो स्टुडिओवाल्याने त्या घरच्यासारख्याच कोऱ्या सीडीवर लिहून दिल्या होत्या. त्या रंगावर आहेत. रंग उन्हाने, उष्म्याने, दमटपणाने फिका पडतो. कोकणातल्या पावसाळ्यात किंवा विदर्भातल्या उन्हाळ्यात लोखंडी कपाटात ठेवलेल्या सीडीची काय अवस्था होत असेल, याचा अंदाज तुम्हीच करा. हा रंग विरताना आवाज करत नाही. एक दिवस सीडी लागत नाही, एवढंच कळतं.

चकती टिकली तरी पुरेसं नाही, हेही इतिहासानेच दाखवलंय. ब्रिटनमध्ये १०८६ साली ‘डूम्सडे बुक’ नावाची जमीन-महसुलाची नोंद झाली. तिला ९०० वर्षं झाली म्हणून १९८६ मध्ये बीबीसीने नवी नोंद केली. शाळाशाळांतून लाखो लोकांनी माहिती पाठवली आणि ती दोन मोठ्या लेसरडिस्कवर साठवली. पंधरा वर्षांत ती वाचणारी यंत्रं दुर्मीळ झाली. चामड्यावरची ९०० वर्षांपूर्वीची नोंद वाचता येत होती, पंधरा वर्षांपूर्वीची चकती नाही. अभियंत्यांनी खटपट करून ती माहिती सोडवली आणि २०११ मध्ये बीबीसीने ती वेबसाइटवर ठेवली.

आता तुमच्याकडे पाहा, सीडी ड्राइव्ह असलेला लॅपटॉप घरात आहे का? नवीन लॅपटॉपना तो बहुधा येतच नाही. म्हणून एक काम सांगतो, पुढचा भाग यायच्या आत करा. माळ्यावरचं खोकं खाली काढा. छापील चित्र असलेल्या दुकानातल्या सीडी बाजूला ठेवा, त्यांना घाई नाही. मार्करने हाताने नाव लिहिलेल्या सीडी आधी घ्या. यूएसबीला जोडायचा ड्राइव्ह मिळतो, नाहीतर शेजारीपाजारी कुणाचा जुना कॉम्प्युटर बघा. सगळं उतरवून दोन वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा. एखादी अडकली तर लगेच फेकू नका, दुसऱ्या ड्राइव्हमध्ये लावून बघा. एकाला न दिसणारं दुसऱ्याला कधीकधी दिसतं.

आणि त्या खोक्यात काय काय सापडलं ते मला नक्की कळवा. लग्नाच्या सीडीत वरातीपेक्षा पंगतीतले चेहरे बघा. त्यातले किती जण आता नाहीत, हे मोजायची वेळ येते, आणि मग ती चकती एवढी नाजूक का केली असेल असं वाटतं.

आजच्यापुरतं इतकंच. पुढच्या भागात भेटू. नमस्कार.